‘टेक अप’ : छंद हाती घेण्याचे क्रियापद




नवा छंद सुरू करणे हे सांगण्यासाठी इंग्रजीत सर्वांत रुळलेले क्रियापद म्हणजे ‘टेक अप’. लिहिताना हे दोन शब्द दिसतात, पण काम एकाच शब्दाचे करतात. ‘टेक’ म्हणजे घेणे आणि ‘अप’ म्हणजे वर, हे दोन्ही अर्थ माहीत असलेल्या माणसालाही ‘शी टुक अप पेंटिंग’ हे वाक्य पहिल्यांदा अडते. तिने चित्र वर उचलले, असा त्याचा अर्थ नाही. ती चित्रे काढू लागली आणि पुढेही काढत राहिली, असा आहे. साध्या, रोजच्या क्रियापदाला अप, डाउन, ऑफ, आउट, ऑन यांसारखे एखादे छोटे अव्यय जोडून वेगळाच अर्थ उभा करणाऱ्या अशा जोड्यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. लोगन पिअरसल स्मिथ यांनी १९२५ साली ‘वर्ड्‌स अँड इडियम्स’ या पुस्तकात ही संज्ञा वापरली आणि ती सुचवल्याचे श्रेय ऑक्सफर्डच्या थोरल्या शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले.

नाव नवे असले तरी अडचण जुनीच आहे. सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश १७५५ साली निघाला. परदेशी माणसाला इंग्रजीत सर्वांत जड जाते ते क्रियापदाच्या मागून येणारे हे अव्यय, असे त्यांनी प्रस्तावनेतच नोंदवले आणि अशी क्रियापदे कोशात काळजीपूर्वक गोळा केली. मराठी शाळांतल्या वह्यांमध्ये या अडचणीवर उपाय म्हणून जंत्री असते: ‘टेक ऑफ’ म्हणजे उड्डाण करणे, ‘टेक ओव्हर’ म्हणजे ताबा घेणे, ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईबापांच्या वळणावर जाणे, ‘टेक अप’ म्हणजे सुरू करणे. परीक्षेपुरती ही जंत्री चालते. बोलायची वेळ आली की मात्र ती दगा देते, कारण ‘सुरू करणे’ एवढाच अर्थ धरून चालणारा माणूस ‘आय टुक अप द फॅन’ म्हणून पंखाही सुरू करून बसतो. ‘टेक अप’ने काय सुरू होते आणि काय सुरू होत नाही, हेच खरे शिकण्यासारखे आहे, आणि जंत्रीत नेमके तेवढेच नसते.

‘टेक’ हा शब्द इंग्रजीचा मूळचा नव्हे. समुद्रमार्गे येऊन इंग्लंडात वस्ती केलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून तो आला. त्याआधी जुन्या इंग्रजीत ‘घेणे’साठी ‘निमान’ हे क्रियापद होते. जर्मन भाषेत त्याचे भावंड ‘नेहमेन’ आजही ठणठणीत आहे. इंग्रजीत मात्र पाहुण्या ‘टेक’ने घरच्या शब्दाला पार बाजूला सारले आणि ‘निंबल’ म्हणजे चपळ, ‘नम’ म्हणजे बधिर, अशा एकदोन शब्दांतच त्याच्या खुणा राहिल्या. त्याच काळात आणखी एक बदल घडत होता. जुनी इंग्रजी अव्यये बरेचदा क्रियापदाच्या पुढे, उपसर्गासारखी जोडत असे. हळूहळू ती मागे जाऊन सुटी उभी राहू लागली. आज ‘टेक’च्या मागे ‘अप’ उभे दिसते ते या बदलामुळे.

पण ‘वर’ कशासाठी? इथे मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. काम सुरू करायचे तर आधी त्याचे साधन खालून उचलून हातात घ्यावे लागते. इंग्रजीत ‘टेक अप द पेन’ म्हणजे लेखणी उचलणे आणि तेवढ्यानेच लिहू लागणेही. ‘टेक अप आर्म्स’ म्हणजे शस्त्र उचलणे आणि लढायला उभे राहणे. मराठीतही लेखणी हाती धरली की माणूस लेखक होतो आणि शस्त्र उचलले की लढवय्या. ‘विडा उचलणे’ या वाक्प्रचारात तर सगळी कल्पनाच आहे: दरबारात तबकातला विडा जो उचलील, त्याने ती कामगिरी पत्करली. उचलण्याची कृती आणि पत्करण्याचा निश्चय दोन्ही भाषांत एकमेकांना चिकटलेले आहेत. ‘टेक अप’मधला ‘अप’ उगाच आलेला नाही, हे एकदा ध्यानात आले की हे क्रियापद पाठ करावे लागत नाही. उचललेली वस्तू कुंचला असो, तबला असो की टेनिसची रॅकेट असो, ती एकदाच वापरून ठेवून द्यायची नाही, हा अर्थ त्यात आपोआप येतो.

यावरून ‘टेक अप’च्या मागे कोणते शब्द बसतात ते ठरते. तिथे एखादी कला, खेळ, वाद्य, अभ्यासाचा विषय किंवा नियमाने करायची गोष्ट लागते. पेंटिंग, गार्डनिंग, फोटोग्राफी, स्विमिंग, योगा, चेस, पॉटरी हे सगळे चालते. वाद्यांच्या आधी बहुधा ‘द’ येतो: ‘टेक अप द गिटार’, ‘टेक अप द हार्मोनियम’, ‘टेक अप द तबला’. खेळांच्या आधी तो येत नाही: ‘टेक अप टेनिस’, ‘टेक अप चेस’. भाषाही चालते, पण तेव्हा ती शिकायला सुरुवात करणे असा अर्थ होतो. सरळ ‘टेक अप अ हॉबी’ असेही म्हणतात. एखाद्या गोष्टीचे नाव घेऊन छंद हा शब्दही आणायचा असेल तर ‘टेक अप गार्डनिंग ॲज अ हॉबी’ अशी रचना होते. ‘टेक अप गार्डनिंग हॉबी’ हे मराठी ‘बागकामाचा छंद’ जसाच्या तसा उचलून ठेवल्यासारखे होते, आणि इंग्रजी कानाला ते खटकते.

क्रियापद आणायचे असेल तर ते ‘आयएनजी’ लागलेल्या रूपात येते. मराठी माणसाच्या तोंडी ‘आय टुक अप टु लर्न तबला’ असे वाक्य सहज येते, कारण मनात ‘तबला शिकायला घेतला’ असते आणि ‘शिकायला’ला ‘टु लर्न’ हे अगदी जवळचे वाटते. ‘टेक अप’नंतर ‘टु’ चालत नाही. ‘आय टुक अप द तबला’ एवढे पुरते, शिकणे त्यात आलेच.

सिनेमा, एखादे पुस्तक, एक सहल यांना हे क्रियापद लागत नाही, कारण ती एकेकदा घडून संपतात. चालणे लागते, पण रोज सकाळी व्यायाम म्हणून चालायला सुरुवात केली असेल तरच. बसस्टॉपपर्यंत चालत जाण्याला नव्हे. स्वयंपाकाचे उदाहरण आणखी बोलके आहे. बाराव्या वर्षापासून चुलीपुढे बसलेल्या बाईने ‘टुक अप कुकिंग’ असे कुणी म्हणत नाही. तिने स्वयंपाक निवडला नव्हता, तो तिच्यावर पडला होता. साठीत निवृत्त झाल्यावर हौसेने नवनवे पदार्थ शिकू लागलेल्या तिच्या नवऱ्याला मात्र ते क्रियापद बिनदिक्कत मिळते. ‘टेक अप’मध्ये निवड गृहीत आहे. पोटासाठी, घरासाठी, रीतीसाठी करावेच लागणारे काम त्यात बसत नाही. तेच काम कुणी आपखुशीने, आपल्या वेळात करू लागले की बसते. दारात रोज सडा-रांगोळी करणाऱ्या बाईच्या हातात तीच रांगोळी असते. पुढे ती गालिचे काढायला शिकली, प्रदर्शनात भाग घेऊ लागली, तर तेव्हा तिने रांगोळी ‘टेक अप’ केली असे म्हणता येईल. बायकांच्या कितीतरी कलांना हे क्रियापद फार उशिरा मिळाले आहे. मिळते तेव्हा ती कला कामाच्या यादीतून निघून तिची स्वतःची झालेली असते.

निवड कशी असते हे विन्स्टन चर्चिल यांच्या बाबतीत जवळून पाहता येते, कारण त्यांनी स्वतःच ते लिहून ठेवले आहे. पहिल्या महायुद्धात डार्डानेल्सची मोहीम फसली आणि १९१५च्या मे महिन्यात त्यांना नौदलमंत्रिपद सोडावे लागले. वय चाळीस, डोक्यात युद्धाचे सगळे नकाशे आणि हातात काम काही नाही. त्या उन्हाळ्यात सरे परगण्यातल्या हो फार्म या भाड्याच्या घरी भावजय ग्वेंडलिन बागेत जलरंगात चित्र काढत बसली होती. तिने मुलांची रंगपेटी त्यांच्यापुढे सरकवली. जलरंगांनी त्यांचे समाधान झाले नाही, म्हणून तैलरंग, कुंचले आणि कॅनव्हास आणवले. पण कॅनव्हास समोर उभा राहिल्यावर हात धजेना. अगदी छोट्या कुंचल्यावर थोडा निळा घेऊन त्यांनी आभाळाच्या जागी घेवड्याच्या दाण्याएवढा एक ठिपका ठेवला आणि थांबले. तेवढ्यात चित्रकार जॉन लॅव्हरी यांच्या पत्नी हेझल मोटारीतून आल्या. त्यांनी मोठा कुंचला मागून घेतला, तो टर्पेंटाइनमध्ये बुडवून निळ्या-पांढऱ्या रंगात घोळवला आणि बिचकत उभ्या असलेल्या त्या कॅनव्हासवर जोरकस फटकारे ओढले. त्यानंतर चर्चिलना कॅनव्हासची भीती राहिली नाही. ते आयुष्यभर रंगवत राहिले आणि त्यांची चित्रे पाचशेवर गेली. याविषयीचा त्यांचा लेख १९२१-२२ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकात आला आणि १९४८ मध्ये ‘पेंटिंग ॲज अ पास्टाइम’ या नावाने पुस्तकरूपाने निघाला.

या सगळ्याचे एका ओळीत वाक्य होते: ‘चर्चिल टुक अप पेंटिंग इन नाइन्टीन फिफ्टीन, ॲट द एज ऑफ फॉर्टी.’ या वाक्यातला काळ पाहण्यासारखा आहे. ‘टेक अप’ हे सुरुवातीचा क्षण दाखवते, त्यामुळे त्याच्याबरोबर साल, वय, प्रसंग येतात: चाळिसाव्या वर्षी, निवृत्तीनंतर, मुले परगावी गेल्यावर, पाय मोडून घरी पडल्यावर. किती वर्षे चालले हे सांगायला मात्र दुसरे क्रियापद घ्यावे लागते. ‘ही हॅज बीन पेंटिंग फॉर टेन इयर्स’ हे बरोबर. ‘ही इज टेकिंग अप पेंटिंग सिन्स टेन इयर्स’ हे मराठीतल्या ‘दहा वर्षांपासून करतोय’चे इंग्रजी कपडे घातलेले रूप आहे, आणि त्यात एकाच वेळी तीन चुका आहेत. क्रियापद सुरुवातीचे असून लांबवले आहे, चालू वर्तमानकाळ चुकला आहे, आणि ‘फॉर’च्या जागी ‘सिन्स’ आला आहे. ‘शी हॅज टेकन अप योगा’ म्हटले की हल्लीच सुरू केले आणि अजून सुरू आहे, असे दोन्ही कळते. नुसते ‘शी टुक अप योगा’ म्हटले तर ते अजून चालू आहे की नाही हे वाक्य सांगत नाही.

व्याकरणात सर्वांत पक्का नियम सर्वनामाचा आहे. नाम असेल तर ते ‘अप’च्या मागे किंवा ‘टेक’ आणि ‘अप’ यांच्या मध्ये, दोन्ही ठिकाणी चालते: ‘टेक अप पेंटिंग’ किंवा ‘टेक पेंटिंग अप’. छंदाच्या अर्थाने पहिली रचना जास्त ऐकू येते. नाव लांबलचक असेल, उदाहरणार्थ ‘लाँग-डिस्टन्स रनिंग’, तर ते मध्ये कोंबत नाहीत. सर्वनाम मात्र मध्येच जाते. ‘टेक इट अप’ बरोबर, ‘टेक अप इट’ चूक, आणि यात सूट नाही. यामागे कारण आहे, म्हणून ते सांगितलेले बरे. इंग्रजी वाक्य आपला भार शेवटी ठेवते. नवी माहिती, जड शब्द शेवटी येतो. ‘इट’ हा हलका शब्द. त्यात नवे काही नसते, आधी बोललेल्या गोष्टीकडे तो बोट दाखवतो. त्याला शेवटची जागा दिली तर वाक्य लंगडते. म्हणून ‘इट’ आत सरकतो आणि जोर ‘अप’वर जातो. ‘व्हॉट मेड यू टेक इट अप?’ हा प्रश्न, म्हणजे ‘याकडे कसे काय वळलात?’, नियम घोकण्यापेक्षा अख्खाच तोंडात बसवावा. छंदाविषयीच्या कुठल्याही गप्पांत तो कामी येतो.

सुरू करण्याचे जोडक्रियापद कळले की सोडण्याचेही हवे, ते म्हणजे ‘गिव्ह अप’. दोन्हींची जोडी मोहनदास करमचंद गांधी यांच्या लंडनमधल्या दिवसांत सापडते. १८८८ साली अठरा वर्षांचे गांधी बॅरिस्टर व्हायला तिथे गेले आणि काही काळ इंग्रज सभ्य गृहस्थ बनण्याच्या मागे लागले. उंची कपडे घेतले, नाचाच्या वर्गात नाव घातले. पियानोच्या सुरांवर पाय पडेनात, ताल सापडेना. तेव्हा पाश्चात्य संगीताला कान तयार व्हावा म्हणून त्यांनी तीन पौंडांना व्हायोलिन विकत घेतले आणि शिकवणी लावली. वक्तृत्वासाठी आणखी एक शिक्षक धरला. महिने थोडेच गेले आणि त्यांच्या मनाने घेतले की जन्म काही इंग्लंडात काढायचा नाही. वक्तृत्वाच्या जोरावर कुणी सभ्य होत नाही, आणि व्हायोलिन हिंदुस्थानातही शिकता येईल. वक्तृत्वाच्या शिक्षकाला त्यांनी पत्र लिहून कळवले. व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंकडे मात्र ते स्वतः गेले, आणि येईल त्या किमतीला वाद्य विकून टाकायला सांगितले. आत्मचरित्रात ही सगळी हकिकत आहे आणि हे वेड तीनएक महिने टिकल्याचे तिथेच म्हटले आहे. इंग्रजीत सांगायचे तर ‘ही टुक अप द व्हायोलिन, बट सून गेव्ह इट अप.’ छंद थोडाच काळ टिकला म्हणून ‘टुक अप’ चुकीचे ठरत नाही. नियमाने करायचे या बेताने सुरुवात झाली होती, एवढे पुरेसे आहे.

‘गिव्ह अप’च्या पलीकडे, सोडले नाही तर ‘कीप अप’ येते, म्हणजे सराव चालू ठेवणे. मधे खंड पडून पुन्हा धरले तर ‘टेक अप अगेन’ किंवा ‘गेट बॅक इंटू’. लग्नानंतर सुटलेली पेटी पन्नाशीत पुन्हा काढली, तर ‘शी टुक अप द हार्मोनियम अगेन’.

आता थोडे मराठीकडे. ‘टेक’ला ‘घेणे’ आणि सुरुवातीला ‘-आयला घेणे’ अशी मराठीत आयती रचना आहे, त्यामुळे ‘टेक अप’ची जोडी तिच्याशी लावण्याचा मोह होतो. ती फसवी आहे. ‘काकूंनी स्वेटर विणायला घेतला’ म्हणजे एक ठरावीक स्वेटर सुरू झाला. थंडीआधी तो संपेल. इथे इंग्रजीत ‘शी स्टार्टेड निटिंग अ स्वेटर’ म्हणतात, ‘टुक अप’ नव्हे. ‘काकूंनी विणकाम सुरू केले’, म्हणजे त्या विणायला शिकल्या आणि आता विणत असतात, याला ‘शी टुक अप निटिंग’. ग्रंथ वाचायला घेतला, भिंत रंगवायला घेतली, पुरण वाटायला घेतले: मराठीत घेतलेले हे प्रत्येक काम संपण्यासाठीच घेतलेले असते. ‘टेक अप’ने घेतलेल्याला शेवट ठरलेला नसतो.

मराठीचा छंदाविषयीचा खरा जीव दुसऱ्या एका क्रियापदात आहे, ‘लागणे’त. नाद लागतो, गोडी लागते, वेड लागते, चटक लागते. त्या वाक्यांत माणूस कर्ता नसतो. ‘त्याला’ बुद्धिबळाचे वेड लागते. छंद येऊन माणसाला धरतो. ‘टेक अप’मध्ये माणूस छंदाला धरतो. म्हणून ‘त्याला क्रिकेटचे वेड लागले’चे भाषांतर ‘ही टुक अप क्रिकेट’ असे केले तर वेड निघून जाते आणि नुसता निर्णय उरतो. ‘वेड लागले’च्या जवळ जाणारे इंग्रजी क्रियापद आहे ‘गेट इंटू’: ‘ही गॉट इंटू क्रिकेट’. त्यात हळूहळू आत ओढले जाणे आहे. सामने बघता बघता, आकडे तोंडपाठ होता होताही माणूस ‘गेट्‌स इंटू क्रिकेट’. ‘टेक अप’ला मात्र बॅट हातात घेऊन मैदानात उतरावे लागते. भाषांतर करताना हा फरक पाळला नाही तर व्याकरण बरोबर असूनही माणूस वेगळाच होतो.

याच्या आजूबाजूला आणखी क्रियापदे आहेत. ‘टेक टु’ म्हणजे एखादी गोष्ट चटकन आवडणे, तिच्यात रुळणे. ‘शी टुक टु पेंटिंग’ म्हणजे कुंचला हाती घेतला आणि जमून गेले. माणसांबद्दल आणि जागांबद्दलही ते वापरतात. ‘पिक अप’ म्हणजे मुद्दाम न शिकता कानावर पडून, पाहून येणे; मुंबईत राहून बंबइया हिंदी येते ती ‘पिक्ड अप’. तेव्हा कुणी ‘आय पिक्ड अप अ लिटल मराठी इन पुणे’ म्हटले तर त्याने वर्ग लावला नव्हता, आणि ‘आय टुक अप मराठी’ म्हटले तर पुस्तक-वही घेऊन बसला होता, असे ऐकणाऱ्याला कळते.

चांगल्या-वाइटाचा निवाडा ‘टेक अप’ करत नाही. सिगरेट ओढायला लागण्यालाही ‘टेक अप स्मोकिंग’च म्हणतात आणि ती सुटते तेव्हा ‘गिव्ह अप स्मोकिंग’. एकट्या माणसाऐवजी समाजही कर्ता होतो. २०२०च्या टाळेबंदीत घराघरांत पाव आणि केक भाजणे सुरू झाले, त्याला ‘पीपल टुक अप बेकिंग’ हे सहज लागू पडते.

सुरू करणे आणि सोडणे एकाच वाक्यात, आणि तेही अगदी खऱ्या अर्थाने, येते ते अ‍ॅना मेरी रॉबर्टसन मोझेस यांच्या चरित्रात. अमेरिकेत त्या ग्रँडमा मोझेस म्हणून ओळखल्या जातात. जन्म १८६०चा, न्यूयॉर्क राज्यातला; सगळा जन्म शेतावर गेला. लोणी काढून विकले, बटाट्याच्या चकत्या तळून विकल्या, मुले वाढवली. यातल्या एकाही कामाला ‘टुक अप’ लागत नाही, कारण ती संसाराची कामे होती. उतारवयात त्या लोकरीच्या धाग्यांनी कापडावर चित्रे भरत. संधिवाताने बोटे आखडली, सुई धरवेना, तेव्हा पंचाहत्तरी उलटल्यावर त्यांनी कुंचला धरला: ‘शी गेव्ह अप एम्ब्रॉयडरी अँड टुक अप पेंटिंग.’ हूझिक फॉल्स या गावातल्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत त्यांची चित्रे मांडलेली होती. १९३८ मध्ये लुई कॅल्डर नावाच्या संग्राहकाने ती पाहिली आणि विकत घेतली. दोन वर्षांनी न्यूयॉर्क शहरात त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. बर्फातली गावे, साखरेसाठी मॅपलचा रस काढणारी माणसे, सुगीचे दिवस असे त्यांचे विषय. १९६१ साली, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी त्या वारल्या. ‘टेक अप’ला वयाची अट नाही हे सांगायला त्यांचे एक वाक्य पुरते, आणि शिकणाऱ्याने ते एक वाक्य लक्षात ठेवले तर दोन क्रियापदे, त्यांचा काळ आणि त्यांमागची नामे सगळी एकत्र राहतात.

छंदाखेरीज ‘टेक अप’चे इतर अर्थही समोर येतात, आणि ते ओळखता आले नाहीत तर घोटाळा होतो. कपाट खोलीत बरीच जागा अडवते किंवा मीटिंग सकाळ खाते, तेव्हा ‘इट टेक्स अप स्पेस’, ‘इट टुक अप द होल मॉर्निंग’. लांब झालेला परकर खालून दुमडून आखूड करणे हेही ‘टेक अप’. नव्या नोकरीवर रुजू होणे ‘टेक अप अ पोस्ट’. एखादा प्रश्न वरिष्ठांकडे धसाला लावणे ‘टेक अप द मॅटर’. मागे आणखी एक शब्द लागला तर वळण आणखी बदलते: ‘टेक समबडी अप ऑन’ म्हणजे कुणी देऊ केलेले स्वीकारणे, आणि ‘टेक अप विथ’ म्हणजे कुणाच्या संगतीला लागणे, ती संगत बोलणाऱ्याला बहुधा पसंत नसते. यातले कोणते, हे मागच्या नामावरून कळते. नाम छंदाचे असेल तर अर्थ छंदाचा. जागा किंवा वेळ असेल तर व्यापण्याचा.

म्हणून शब्दकोश उघडताना नुसता अर्थ न पाहता त्यापुढची उदाहरणे आणि खुणा पाहाव्यात. इंग्रजी ही ज्यांची घरची भाषा नाही त्यांच्यासाठी ए. एस. हॉर्नबी यांनी केलेला कोश आधी १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला आणि १९४८ पासून ऑक्सफर्डने तो छापला. आजची ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी त्याच घराण्यातली. क्रियापद वाक्यात कसे बसते हे दाखवणे हा त्याचा पहिल्यापासूनचा हेतू होता. ‘टेक अप’ तिथे ‘टेक’च्या लांबलचक नोंदीत अगदी शेवटी, फ्रेझल व्हर्ब्‌जच्या भागात मिळते. अशा कोशांत क्रियापद आणि अव्यय यांच्यामध्ये दुहेरी बाण दिसला की कर्म दोन्हीकडे चालते असे समजावे. फक्त याच प्रकारच्या क्रियापदांचे वेगळे कोशही आहेत. कावी आणि मॅकिन यांचा १९७५चा आणि कॉलिन्स कोबिल्डचा १९८९चा हे त्यातले नावाजलेले. एका बैठकीत एकच क्रियापद, पण त्याच्या मागे येणाऱ्या पाचसात नामांसह उतरवून घ्यावे. ‘टेक’ची सगळी अव्यये एकाच पानावर मांडून ठेवली तर ती एकमेकांत मिसळतात. ‘टेक अप’, ‘कीप अप’, ‘गिव्ह अप’ अशी छंदाची गोष्ट सांगणारी क्रियापदे एकत्र ठेवली तर मात्र राहतात.

उरला उच्चार. लिहिलेले ‘टेक अप’ बोलताना दोन शब्द राहत नाहीत. ‘क’ पुढच्या स्वराला चिकटतो आणि ‘टेकप’ ऐकू येते, भूतकाळात ‘टुकप’, आणि ‘टेकन अप’चे ‘टेकनप’. ‘टेक इट अप’ तर ‘टेकिटप’ असा एकच शब्द होतो आणि जोर शेवटच्या तुकड्यावर पडतो. नाम मागे असेल तर जोर नामावर जातो: ‘टुकप पेंटिंग’मध्ये ‘पें’ ठळक. बातम्यांत किंवा मुलाखतींत हे क्रियापद ऐकू येत नाही अशी तक्रार शिकणारे करतात, तेव्हा बहुतेक वेळा ते येऊन गेलेले असते. ‘अप’ असा सुटा शब्द शोधणाऱ्या कानाला तो सापडत नाही. ‘टुकप’ या तुकड्याकडे कान लावला की एका मुलाखतीत तो दोनचारदा भेटतो.